जनावरांतला चाचा

डायनासोरला आपला सख्खा नातेवाईक मानणारा माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो सावित्री नदीच्या काठी तुडीलला राहत होता. हे मी पदरचं काही घालून सांगत नाही. चाचांच्या अंगणात पाय ठेवला की समोर चौदा हात लांबीचं पत्र्याचं एक धूड आडवं उभं दिसे. पाठीवर ढालीसारखे तुकडे, डोक्याला चार शिंगं, बुटके पाय आणि अर्धवट शेपूट. नवखा माणूस दचकून दोन पावलं मागे सरला, की चाचा त्या धुडाच्या खांद्यावर हात ठेवून, जावयाची ओळख करून द्यावी तितक्या आदबीने म्हणत, "घाबरू नका. घरातलाच हाय."

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. वडिलांची कापड्याला भातशेती आणि तांदूळ महाडच्या बाजारात न्यायला एक म्हातारा टेम्पो. हा टेम्पो दर हंगामात कुठे ना कुठे ठोकला जायचा आणि त्याचा चेपलेला पत्रा सरळ करायला वडील महाडला चाचांकडे जायचे. चाचा डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा आतून लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हातोडीने असा काही उठवायचे, की पत्रा स्वतःच विसरायचा आपल्याला कुणी धडक दिली होती ते. पुढे ते आखातात गेले, बावीस वर्षं तिथल्या गाड्यांचे पत्रे ठोकून परत आले आणि तुडीलला घराला लागूनच गॅरेज टाकून बसले. तोवर मी शिकून महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. मला ते कधी नावाने हाक मारत नाहीत. "काय गो मास्तरीण," एवढंच.

धंद्याने माणसाची नजर बिघडते म्हणतात, चाचांची बोटं बिघडली होती. गाडी दिसली की त्यांचं बोट आपोआप पत्र्यावर टकटक करायला लागायचं आणि आवाजावरून त्यांना त्या गाडीचा पूर्वेतिहास कळायचा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेव फुलांनी मढवलेल्या कोऱ्या गाडीतून उतरला. सगळी वरात कौतुकाने पाहत असताना चाचांनी दारावर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दरवाजा दुसऱ्या गाडीचा हाय. पण काम साफ केलंय हां!" गाडी नवी आहे असं नवऱ्याकडच्यांनी महिनाभर सांगितलं होतं. त्यानंतर जेवणाच्या पंगतीत दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे न बघता जेवली. चाचांना मात्र आपण कारागिराचं कौतुक केलं, त्यात एवढं काय झालं, हे शेवटपर्यंत समजलं नाही. माणसांकडेही ते याच नजरेने बघायचे. माझं तोंड उतरलेलं दिसलं, की म्हणायचे, "कुठे डेंट पडला गो? आतून की बाहेरून?"

तर हा डायनासोर. त्याची आणि चाचांची गाठ आखातातल्या एका मॉलमध्ये पडली. शुक्रवारी सुट्टी, खोलीत आठ माणसं, बाहेर भाजून काढणारं ऊन. म्हणून चाचा दर जुम्म्याची नमाज झाली की थंड हवेसाठी मॉलमध्ये जाऊन बसायचे. तिथे लहान मुलांसाठी डायनासोर उभे केले होते. जबडा उघडून गुरगुरणाऱ्या मोठ्या मांसाहारी डायनासोरपुढे ही गर्दी! आणि कोपऱ्यात, जिन्याच्या खाली, अंगभर चिलखत घातलेला एक बुटका प्राणी खाली मान घालून उभा. तो गुरगुरत नव्हता, हलत नव्हता, त्याच्याजवळ कुणी फोटोसुद्धा काढत नव्हतं. त्याच्यापुढे मात्र एक बाक होता आणि तो नेहमी रिकामा असायचा. चाचांनी तो धरला. समोर पाटी होती. चाचांचं इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचण्यापुरतंच. त्यांनी पहिली अक्षरं जुळवली आणि ती निघाली "अंकल".

"मी परत वाचलं," चाचा मला सांगत होते. "परत अंकलच. मी म्हटलं, अरे, हा तर चाचा! जनावरांतला चाचा! म्हणूनच कोण विचारत नाय त्याला."

मी विज्ञानाची शिक्षिका. मला राहवतंय थोडंच? मी म्हटलं, "चाचा, ते अंकल नाही, अँकिलोसॉरस. ग्रीक शब्द आहे. त्याची हाडं एकमेकांना जुळून घट्ट झालेली असतात, म्हणून ते नाव."

"पाटी कोणी वाचली? तू की मी?"

"तुम्ही."

"मग?"

यावर जगातल्या कुठल्याही विद्यापीठाकडे उत्तर नाही. त्या दिवसापासून तो अंकल झाला आणि चाचांच्या तोंडून त्याची कुळकथा महाड-पोलादपूरच्या निम्म्या गावांत पसरली. मीच त्यांना एकदा सांगितलं, की हा प्राणी तिकडे दूरच्या खंडात पाला खात होता, त्याच सुमाराला इकडे तापलेला लाव्हा वाहत होता आणि त्याचाच पुढे आपला हा काळा सह्याद्री झाला. चाचा बराच वेळ महाबळेश्वराच्या बाजूच्या डोंगरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एका बॅचचे हायत." पुढे पोलादपूरकडून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते डोंगराकडे बोट दाखवून ही बॅच समजावून सांगत. गिऱ्हाइकाला गाडी न्यायची घाई असे. चाचांना नसे.

घाई त्यांना कशाचीच नव्हती, आणि त्याचंही श्रेय ते अंकललाच द्यायचे. महाडला जाणारी एसटी थांब्यावर उभी असली, कंडक्टर हात हलवत असला, तरी चाचा आपल्या चालीत फरक करायचे नाहीत. "पळतो कोण? ज्याच्या अंगावर पत्रा नाय तो." एसटी निघून जायची. चाचा पुढची गाडी येईपर्यंत थांब्यावर शांतपणे बसून राहायचे. शाकाहाराचंही तेच. अंकल आयुष्यभर पाला खाऊन एवढा दांडगा झाला, असं ते वाटेल त्याला ऐकवायचे आणि त्याच तोंडाने दोन्ही वेळा मासे खायचे. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "त्याला दर्या भेटला नाय गो. भेटला असता तर त्याने बोंबील सोडला नसता."

परत आल्यावर दुसऱ्या वर्षी चाचांनी भंगारातून अंकल उभा करायला घेतला. चाची तेव्हा होत्या. बोलायला फटकळ आणि मनाने चाचांहून मऊ. त्या म्हणाल्या, "घरात एक अंकल कमी होता काय? बनव. पण माझ्या कोंबड्यांच्या जागेत नको, आणि माझ्या भोपळ्याच्या वेलाला हात लावू नको." एवढ्या दोन अटींवर काम सुरू झालं. टेम्पोंची बॉनेटं, रिक्षांची टपं, मोडक्या गाड्यांचे पाटे, जे मिळेल ते तापवून, ठोकून पाठीवर चढायला लागलं. डोक्याची चार शिंगं आमच्या कापड्याच्या नांगरांच्या फाळांची आहेत. वडिलांनी पॉवर टिलर घेतला तेव्हा ते जुने फाळ चाचांना नेऊन दिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "त्याच्या डोक्याचा पत्रा कुठेतरी चेपलाय. पण माणूस खूश हाय."

शास्त्रीय सल्लागार म्हणून मला नेमण्यात आलं होतं, म्हणजे मला विचारलं नव्हतं. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत यायचा, "बाई, तुमचे डायनासोरवाले आलेत." चाचा फाटकाशी उभे असायचे, हातात वही. पुढच्या पायांना बोटं किती? पाच. मागच्या? तीन. हे सगळं ते माझ्याकडून वहीत लिहून घ्यायचे आणि पान फाडून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवायचे. या कुळातल्या काही प्राण्यांच्या पापण्यांतसुद्धा हाड असायचं, हे मी सांगितलं त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला, की ते चक्क घाईघाईने गेले. "पापणीला पण पत्रा! आखातात धूळ किती उडते, मला ठाव हाय." आठवड्याने पाहिलं तर अंकलला बिजागरीवर उघडमीट करणाऱ्या पापण्या होत्या. पोटाला मात्र त्यांनी पत्रा लावला नाही, कारण खऱ्याच्या पोटाला चिलखत नव्हतं. त्या पोटाखालच्या सावलीत चाचींच्या कोंबड्या राहायला गेल्या आणि पहिली अट परस्पर मोडली.

उमरठहून एकदा एक काका ठोकलेली गाडी घेऊन आले होते. त्यांनी अंकलला भोवती फिरून पाहिलं. घोरपडीला दोर बांधून गडाचा कडा चढलेल्या सुभेदारांचं गाव ते; उमरठच्या माणसापुढे घोरपडीबद्दल जपून बोलावं लागतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. ते म्हणाले, "घोरपडच हाय ही. जरा मोठी. कड्याला चिकटंल काय?"

चाचा म्हणाले, "चिकटंल. पण मग कडा खाली येईल."

काकांना हे उत्तर मान देणारं वाटलं की अपमान करणारं, ते ठरवता येईना. चहा पिऊन ते गेले. आजही ते त्याला घोरपडच म्हणतात.

मग चाची गेल्या. आठ दिवसांचा ताप, आणि गेल्या. त्याच पावसाळ्यात सावित्रीचं पाणी ओटीवर चढलं. चाचा पोटमाळ्यावर आणि कोंबड्या अंकलच्या पाठीवर, असे दोन दिवस गेले. त्यांचा मुलगा आखातातच नोकरीला. बायकामुलं तिथेच, चांगलं घर. तो चाचींच्या वेळी आला होता, पुरानंतर पुन्हा आला. मी भेटायला गेले, तेव्हा बापलेक ओटीवर चिखल खरवडत होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता बस. माझ्याकडे चला."

चाचा चिखल खरवडतच राहिले. मग म्हणाले, "हातात काम हाय. गिऱ्हाइकाची गाडी अर्धी सोडून मी कधी उठलो काय?"

मुलाला बापाचा धर्म माहीत होता. चाचांनी आयुष्यात हातात घेतलेला पत्रा अर्धा सोडला नव्हता. तो अंकलकडे बघत म्हणाला, "ठीक आहे. हे पूर्ण करा. ज्या दिवशी पूर्ण झालं, त्या दिवशी यायचं. जबान द्या."

"दिली," चाचा म्हणाले. मला वाटलं, शेपूट तेवढी राहिलीय, दोन महिन्यांचं काम.

दोन महिन्यांनी चाचा मधल्या सुट्टीत फाटकाशी हजर. या वेळी वही नव्हती. "मास्तरीण, शेपूट झाली. येऊन बघ. कायतरी चूक काढ." मी गेले. त्यांनी ट्रकच्या साखळीची शेपूट केली होती, ती मस्त लोंबत होती. मी म्हटलं, "चाचा, चुकलं. याच्या शेपटीचा मागचा अर्धा भाग ताठ असतो, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा, आणि टोकाला हाडाचा गोळा. लोंबून कशी चालेल?" माझा समज असा, की माणसाची दोन महिन्यांची मेहनत फुकट गेली म्हटल्यावर त्याचं तोंड पडेल. चाचांनी माझा हात धरून चार वेळा हलवला. "शाबास! आता सगळी काढायला लागंल." साखळी काढली. टेम्पोचा शाफ्ट लावला, टोकाला ब्रेकचे दोन ड्रम. तीन महिने. पुन्हा फाटकाशी. "चूक काढ." पुढचे पाय मागच्यांपेक्षा आखूड हवेत, हे मी सांगितलं. चारी पाय उतरवले. चार महिने. तिसऱ्यांदा ते "चूक काढ गो" म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात एक अजिजी होती, आणि इतकी वर्षं मुलांना शिकवणाऱ्या मला तेव्हा कुठे उजेड पडला. चाचांना अंकल पुरा करायचा नव्हता. जबान दिली होती, ती मोडायची नव्हती. आणि तुडील सोडायचं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मी जे वाचन केलं, ते पदवीला केलं असतं तर आज कुठल्या कुठे असते. खोटी चूक मी एकही काढली नाही. तसं करणं मला जमलंही नसतं आणि चाचांना चाललंही नसतं. नाकपुड्या पुढे नव्हे, बाजूला. मानेवर ढालींच्या दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्या. दात पानाच्या आकाराचे आणि बारीक. रात्रंदिवस एकाच प्राण्यावर वाचते म्हणून शाळेत बोलवा उठली, की बाई डॉक्टरेट करतायत. प्रत्येक चुकीमागे चाचांना तुडीलला दीड-दोन महिने मिळत. ओटी, नदी, समोरचा डोंगर, चाचींच्या कोंबड्या आणि चाचींच्याच बियांचा, दर पावसाळ्यात नव्याने लावलेला भोपळ्याचा वेल. तो आता अंकलच्या मागच्या डाव्या पायावर चढून पार गुडघ्यापर्यंत गेला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, ही अट अजून चालू होती.

पण प्राणी कितीही मोठा असला, तरी त्यातल्या चुका कधीतरी संपतात. गेल्या दिवाळीच्या सुमाराला चाचांचा मुलगा न कळवता आला आणि त्याने मलाच तुडीलला बोलावून घेतलं. अंकल उभा होता. रंगसुद्धा झाला होता. चाचा ओटीच्या कडेला बसले होते, हातात हातोडी. मुलगा साधा, थकलेला माणूस. प्रवासातले कपडेही बदलले नव्हते.

"टीचर," तो म्हणाला, "अब्बा सांगतात, तुम्ही चुका काढता म्हणून काम राहतंय. मी नाराज नाही. तुम्ही त्यांना पोरीसारखं बघता, मला माहीत आहे. पण एक ऐका. मी शाळेत होतो तेव्हा अब्बा तिकडे. दोन वर्षांनी एकदा यायचे. मी ओळखायला लागायचो, तोवर परत जायचे. आता मी तिकडे आहे आणि ते इकडे. इथे पाऊस लागला, की माझ्या हातातला फोन सुटत नाही. आम्ही बाप-बेटे एकदा तरी एका घरात राहू की नाही?" मग त्याने अंकलकडे हात केला. "तुमच्याशिवाय कोण सांगणार? खरं सांगा. हे पूर्ण झालं का?"

मी चाचांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, हातोडीच्या दांड्याकडे पाहत होते. मी अंकलभोवती एक फेरी मारली. शिंगं मोजली, पट्ट्या मोजल्या, पापण्या उघडून मिटून पाहिल्या. इतक्या मनापासून मी कुठल्याही मुलाच्या पेपरात चूक शोधली नसेल. मागच्या डाव्या पायापाशी वेल हिरवागार दाटला होता, पिवळी फुलं आली होती. तो मी बाजूला केला नाही. परत आले, तर मुलगा तसाच उभा. त्याच्या तोंडावर खोटं बोलणं मला शक्य नव्हतं.

"मला दिसत नाही एकही चूक," मी म्हटलं. "झालंय."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. ते माझ्यावर रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते मुलाला म्हणाले, "ऐकलंस? मास्तरीण खोटं बोलत नाय." मग उठून अंकलच्या पोटाखाली वाकले आणि एकेक कोंबडी बाहेर काढून शेजारच्या घरी द्यायला निघाले. मला रडू आलं आणि मी त्या दोघांच्या देखत रडले.

आठ दिवसांत चाचा मुलाबरोबर आखातात गेले. जाताना मला गॅरेजची किल्ली दिली आणि बजावलं, "पावसाच्या आधी तेल चोळ त्याला. पत्रा हाय, गंज पकडतो." मी त्या आठ दिवसांत दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी विषय बोंबलावर नेला.

तिकडून ते मला फोनवर बोलून निरोप पाठवायचे, कारण लिहायचा कंटाळा. नातवंडं गोड आहेत. सून भाकरी करते, पण तांदूळ आपला नाही. मुलगा संध्याकाळी कामावरून येऊन शेजारी बसतो, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच आनंदी होता, आणि ते ऐकून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग एका शुक्रवारी निरोप आला. मुलाने त्यांना हट्टाने जुन्या मॉलमध्ये नेलं होतं. "जिन्याखाली आता आइस्क्रीमचं दुकान हाय गो. आपला अंकल काढून टाकला. बाक पण काढला. विचारलं, तर त्या पोराला ठावच नाय काय होतं तिथे." मग पुढे म्हणाले, "म्हणजे आता एकच उरला. तुडीलचा."

या मे महिन्यात तेलाचा डबा आणि चिंध्या घेऊन मी तुडीलला गेले. वाटेत गावातल्या दोघांनी चाचांची चौकशी केली, एकाने त्यांच्या "बॅच"ची. अंगण वाळून गेलं होतं. पाठीवरून सुरुवात केली, शिंगं केली, शेपूट केली. मागच्या डाव्या पायाशी बसले, तर वेलाची नुसती वाळकी दोरी उरली होती. ती हाताने ओढली तशी सुटून आली. मी चिंधी तेलात बुडवली आणि बोटं पुसायला घेतली. एक, दोन, तीन. चार.

मी पुन्हा मोजली. उजव्या पायाची मोजली. तीन. डाव्याची, चार. चौथं बोट बाकीच्यांइतकंच नीट घडवलेलं, कडा घासून गोल केलेली. गॅरेज उघडून भिंतीवर पाहिलं. माझ्याच अक्षरातलं पान अजून होतं, "मागच्या पायांना बोटं तीन", आणि त्याखाली चाचांनी पेन्सिलीने जाड रेघ मारलेली.

मी फोटो काढून चाचांना पाठवला. तासाभरात निरोप आला, आणि त्यात आधी नुसतं हसू होतं.

"सात महिने लागले तुला? कच्ची हाय गो माझी मास्तरीण. मला ठाव हाय ते. चौथं बोट मीच ठेवलंय. जबान दिली होती, पुरा झाला की जाईन. गेलो. मुलासाठी गेलो, त्याचा हक होता. पण परत यायला कायतरी काम शिल्लक पाहिजे ना?" मग आवाज जरा खाली आला. "मी बोललो तर त्याला वाटंल, म्हातारा बहाणे करतो. तू सांग त्याला. तुझ्यावर भरोसा हाय त्याचा. तू त्याच्या तोंडावर खरं बोललीस."

ओटीवर बसून मी त्यांच्या मुलाला लिहिलं, की मागच्या डाव्या पायाला चार बोटं आहेत, असायला तीन हवीत, वेलामुळे मला तेव्हा दिसलं नाही, चूक माझी. काम अपूर्ण आहे. सोबत फोटो जोडला. यातला शब्द न् शब्द खरा होता.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "अब्बा शेजारीच बसलेत. फोटो बघून एकदम गंभीर तोंड केलंय त्यांनी. टीचर, किती दिवसांचं काम आहे?"

एक बोट कापून कडा घासायला कुठल्याही डेंटरला अर्धा तास पुरतो. पण प्रश्न कुठल्याही डेंटरचा नव्हता. मी लिहिलं, "चाचांचा हात पाहता सांगणं कठीण आहे. पावसाळा संपल्यावर सुरू केलं, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत व्हायला हरकत नाही." त्याने हसणारा चेहरा पाठवला. तिकिटाचं अजून ठरलेलं नाही. मी उरलेलं तेल संपवलं, पापण्या मिटल्या, आणि घरी निघण्याआधी त्या चौथ्या बोटाला पुन्हा एकदा तेल चोळलं.